चौथी पिशवी

नद्यांवर पूल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एके सकाळी एका मुलीचा तराफा तिला डावीकडे कललेला दिसला. बोटभर, फार तर. 

तराफा म्हणजे वर बांबू आणि खाली बकऱ्याच्या कातड्याच्या चार पिशव्या, तोंडाने हवा भरून फुगवलेल्या. तिच्या बापाने जन्मभर त्यावरून लोकांना नदीपार नेलं. बाप गेला आणि वल्हं तिच्या हाती आलं.

मुलगी जात्याच भित्री. मासा उसळला तरी दचकायची. तिने डावीकडच्या मागच्या, चौथ्या पिशवीत हवा भरली, पिशवीच्या तोंडाला चामड्याची वादी आवळली आणि कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी दोनदा.

या पिशव्या शिवणारा म्हातारा पलीकडच्या काठावर, खालच्या वळणाशी राहायचा. बाप होता तोवर रोज दिवस मावळता त्याला हाळी द्यायचा, "होऽऽ!" वळणावरून उत्तर यायचं, "आहे रे, आहेऽऽ!" बस, एवढंच. पण ते ऐकल्याशिवाय लहानपणी तिला घास गोड लागत नसे. बाप गेल्याला वर्ष झालं. तिने एकदाही हाळी दिली नव्हती, की त्या वळणाकडे फिरकली नव्हती. उत्तर आलं नाही तर?

बापाची आणखी एक सवय तिला आठवायची. निघण्याआधी तो एकेका पिशवीवर वाकायचा, ती पाण्यात दाबायचा आणि क्षणभर तसाच राहायचा. नदीला नमस्कार करतो आहे, असं ती समजायची. म्हणून तीही रोज वाकायची, दाबायची. भक्तीने, डोळे मिटून.

एक दिवस एक आजी काखेत कोंबडी घेऊन तराफ्यावर चढली.

"मुली, तराफा वाकडा आहे की मी?"

"आजी, तुम्ही जरा उजवीकडे सरका ना."

"मी सरकते. कोंबडीला तूच सांग."

भर धारेत डावी बाजू पाण्याखाली गेली. ओढ त्यांना खाली नेऊ लागली, आणि खाली खडक होते.

"अगं, माझे पाय भिजले!" आजी ओरडली.

मुलीला काही सुचेना. घाबरून तिने रोजचंच केलं. डावीकडच्या मागच्या पिशवीवर वाकली, ती पाण्यात दाबली. आज डोळे मिटायचे तेवढे राहून गेले. शिवणीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येत होते.

बाप नमस्कार करत नव्हता. बाप बघत होता.

तिने शिवणीवर अंगठा दाबून धरला. बुडबुडे थांबले. पण आता तिला वल्हं धरता येईना.

"आजी, वल्हं माराल?"

"मी जन्मात कढीसुद्धा धड ढवळली नाही गं!" तरी आजीने मारलं. तराफा जागच्या जागी गोल फिरला. खडकांवर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज जवळ आला.

"हाक मार कुणाला तरी!"

"कुणी नसलंच तर?"

"नसलं तर नसलं! गप्प बसून तरी कोण येणार आहे?"

मुलीने हाळी दिली. आवाज अर्ध्यावरच विरला. नुसतं पाणी वाजत राहिलं. मग तिने छातीभर श्वास घेतला, बाप घ्यायचा तसा.

"होऽऽऽ!"

वळणावरची झुडपं हलली. खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन एक वाकलेली आकृती काठाशी धावत आली.

"आहे गं पोरी, आहेऽऽ! मागची डावीच ना? अंगठा काढू नकोस, दोर टाकतोय! वर्षभर कान लावून बसलोय मी!"

गुपचूप हवा भरत राहिल्याने भोक बुजत नाही. ते डोळे उघडे ठेवून शोधावं, आणि काठ दूर जाण्याआधी हाक मारावी.