पाठफिरव्यांचे पाणी

पूर्वी काशीच्या राजाचे राज्य सुखाने चालले असताना बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मले आणि पुढे तांड्याचे प्रमुख झाले. त्या तांड्यात रोहण नावाचा एक व्यापारी होता. मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही.

तरुणपणी हा रोहण मरुदेशातल्या एका वाडीवर पाणी मागायला गेला होता. तिथल्या माणसाने हाती घडा दिला आणि लगेच पाठ फिरवली. रोहणला ते झोंबले. तो न पिता, घडा तसाच ठेवून काशीला परतला आणि त्या लोकांना त्याने नाव ठेवले, पाठफिरवे. नाव गावभर झाले. मग कोणी म्हणे ते कंजूष, कोणी म्हणे दरोडेखोर. तिकडे त्यांतल्या एकानेही पाऊल टाकले नव्हते, पण शितावरून भाताची परीक्षा करायची आपल्याला फार हौस.

एका उन्हाळ्यात तांडा वाट चुकला. दोन दिवस पाणी नाही. रोहणची बायको वसुदा, कुशीत तान्हे मूल, शुद्ध हरपून गाडीत पडली. तेवढ्यात तीच वाडी दिसली.

"हे सरळपणे देणार नाहीत," म्हणत रोहणने काठी उचलली.

"आधी मागून तर पाहू," बोधिसत्त्व म्हणाले आणि पुढे गेले.

एका म्हातारीने घडे आणून दिले आणि ती पाठ करून उभी राहिली. रोहणची मूठ काठीवर आवळली. बोधिसत्त्वांनी विचारले, "आई, पाठ का फिरवलीत?"

"अरे बाबा, तहानलेलं माणूस घटाघटा पितं, अंगावर सांडतं. बघत बसलं तर लाजून अर्ध्या तहानेनं उठतं. पाहुण्यानं पोटभर प्यावं, म्हणून." मग ती म्हणाली, "मागं एक जण घडा तसाच ठेवून गेला. तेव्हापासून आम्ही म्हणतो, काशीची माणसं गर्विष्ठ."

"काशीची माणसं नव्हेत, आई," रोहण म्हणाला. "तो मी एकटाच."

"मग आता पी."

आधी त्याने वसुदेला पाजले. तिने डोळे उघडले, मग तो स्वतः पोटभर प्यायला. हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असे त्याला वाटले. त्याने वाकून नमस्कार केला. पाठमोऱ्या म्हातारीला तो दिसला नाही.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, 'पलीकडच्या वाडीचे लोक असलेच' असे काल म्हणणारा हा भिक्षू तिष्यक, तोच तेव्हा रोहण होता. त्याच पलीकडच्या वाडीतून येऊन आज ज्या बाईने त्याच्या पात्रात भात वाढला, ती ती म्हातारी. सार्थवाह मी होतो. नावे ठेवण्याआधी विचारावे, ही प्रज्ञा. दिलेले ओळखावे, ही कृतज्ञता."

तिष्यक उठला आणि वाडीच्या वाटेला लागला.