साहेबांना घेऊन या

प्रमिलाताई हसबनीस मिरजेतल्या गाड्यांच्या दुकानात एकट्याच गेल्या. बदलीच्या शाळेत एसटीनं पोहोचेपर्यंत पहिला तास संपायचा, म्हणून गाडी हवी होती. एक चक्कर मारून बघते म्हणताच मालक गजेंद्रशेठ हसले.

"जुनी पेट्रोल, गॅस की इलेक्ट्रिक, हे बायकांना काय कळणार? साहेबांना घेऊन या, मग किल्ली देतो."

ताईंनी विचारलं, "इलेक्ट्रिक एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

"तीनशे किलोमीटर!"

"आणि गॅसची?"

"गॅस आणि पेट्रोल दोन्ही भरलं, तर आठशे! एवढी लांब जाणारी गाडी अख्ख्या जिल्ह्यात दाखवा."

"तरी कमीच पडेल हो."

"अहो बाई, जायचंय तरी कुठे?"

"साहेबांना आणायला. तुम्हीच म्हणालात ना? गेल्या श्रावणात वारले ते."

शेठ खुर्चीतून उठले. त्यांनी किल्ल्यांचा ट्रे पुढे केला.

"शाळा जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर आहे," ताई म्हणाल्या. "इलेक्ट्रिकची द्या."

किल्ली घेऊन त्या सवयीनं डाव्या दाराशी गेल्या, थांबल्या, आणि वळसा घालून स्टिअरिंगकडे आल्या.