नसलेली फांदी

वानरं अजून माणसांइतकी शहाणी झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. खळग्यात मोहाची फुलं आंबून दारू झाली, की म्हातारी वानरं उपदेश करायची आणि पिल्लं जांभया द्यायची. यंदा पिल्लांच्यात तरणा झिपरू येऊन बसला. उपदेश त्याला जमत नव्हता.

"कालचं अस्वल बघितलंत? पिऊन वारुळाला मावशी म्हणत मिठी मारत होतं. मुंग्यांनी भाच्याचा चांगला पाहुणचार केला!"

पिल्लं हसून लोळली.

"म्हणजे मजा येते!" म्हणत त्यांच्यातल्या गुंड्याने दारूने भरलेली ओंजळ ओठांशी नेली.

"माझ्या भावालाही आली," झिपरू म्हणाला. "मग त्याने उडी मारली. समोर दोन फांद्या दिसल्या. नसलेलीच धरली."

गुंड्याने ओंजळ सोडली आणि झिपरूची शेपटी घट्ट पकडली.

"मला एकच दिसतेय, दादा."