शेटजींना सोयर

त्रिंबकशेट सावकार आले, की सगुणाच्या घरात एकच धांदल उडे. आले म्हणजे कसे? हाक नाही, खाकरणं नाही, थेट चुलीपाशी! कोणी न्हात असो, कोणी जेवत असो. परवा तर त्यांनी आमटीत बोट बुडवून चाखली आणि "मीठ कमी!" असा निकाल देऊन ते निघून गेले. सगुणाचा भाऊ भागूजी साळी. नव्या मागासाठी त्यानं घर शेटजींकडे तारण ठेवलं, तेव्हापासून हा छळ. त्यात वहिनीचे दिवस भरलेले. बाळंतिणीच्या खोलीतही हा माणूस असाच घुसणार, या विचारानं सगुणाचं डोकं भणाणलं. ती तडक राजाकडे गेली.

शेटजींना बोलावणं गेलं. राजानं विचारलं, "काय हो, दारातून एक हाक मारायला काय होतं?"

"हाक परक्यानं मारावी, महाराज! तारण घर म्हणजे माझंच घर. मी त्या घरचा माणूस!"

राजा भारी लहरी. त्याला गंमत सुचली. "सगुणे, दार लावायचं नाही, शेटजींना अडवायचं नाही, येऊ नका म्हणायचं नाही. एवढं करून ते आपणहून अंगणात थांबले, तर तू जिंकलीस! नाहीतर पुन्हा तक्रार आणायची नाही."

"कबूल!" सगुणा म्हणाली. "फक्त शेटजी आमच्या घरचे आहेत, अशी दवंडी पिटवा."

"पिटवा की!" शेटजी खूश झाले. दवंडी पिटली आणि ते दिवसातून तीनतीनदा येऊ लागले.

चौथ्या दिवशी देवीची जत्रा होती. पहिल्या आरतीचा मान शेटजींचा. त्यासाठी बिचाऱ्यांनी वर्षभर खटपट केली होती! जरीचा फेटा, कानात अत्तराचा फाया, समोर साक्षात राजा. शेटजी देवळाची पायरी चढणार, एवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

"शेटजी, पेढे वाटा! आपल्या घरी पहाटे मुलगी झाली!"

सगुणाच ती! गुरव दोन्ही हात पसरून आडवा आला. "मागं व्हा, शेटजी! बाळ जन्मलं की घरच्या सगळ्यांना दहा दिवस सोयर. देवळात पाऊल टाकायचं नाही!"

"अरे, पण मूल माझं नाही!"

"घर तर तुमचं ना? दवंडी ऐकलीय आम्ही!" सगळी जत्रा ओरडली.

शेटजींना दरदरून घाम फुटला. "मी कसला त्या घरचा? मी परका! साफ परका!"

"महाराज, ऐकलंत?" सगुणा म्हणाली. "घरचे असतील, तर दहा दिवस सोयर पाळावं. परके असतील, तर अंगणातून हाक मारावी आणि आतून 'या' म्हटलं तरच उंबरा ओलांडावा!"

राजाचं हसून हसून पोट दुखलं. "बोला शेटजी, कोण तुम्ही?"

"परका, महाराज! जन्माचा परका!"

राजानं तिथल्या तिथे हुकूम काढला, राज्यातल्या प्रत्येक तारण घराला हाच कायदा! वर सगुणाला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि बारशाचा खर्च सरकारातून केला.

बारशाला राजा स्वतः आला. पाळण्याची दोरी हातात घेतो न घेतो, तोच अंगणातून खाकरल्याचा आवाज आला. "मी त्रिंबकशेट... येऊ का आत?"

"थांबा!" सगुणानं आतूनच सांगितलं. "बाळ पाळण्यात निजतंय!"

आणि राजा इतका खदखदून हसला, की पाळण्यातलं बाळही दचकून बघू लागलं.