निवटीच्या बिळावर होडी

एक होती निवटी. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी इवलीशी मासोळी. चिखलात तिचं बीळ. बिळात तिचं पिल्लू.

एकदा निवटी गेली किडे शोधायला. इकडे आली ओहोटी. पाणी गेलं, आणि वर तरंगणारी होडी बसली थेट बिळावर. बद्!

निवटी आली टुणुक टुणुक. बघते तर काय, दारच बंद!

"होडी होडी, सरक ना. बिळात माझं पिल्लू."

होडी म्हणाली, "मला का पाय आहेत? माझा मालक जोमा तांडेल ढकलेल, तर सरकेन."

निवटी गेली टुणुक टुणुक. तांडेल बसला होता विडी ओढत.

"तांडेलदादा, ढकला ना. बिळात माझं पिल्लू. होडी सरकेना."

तांडेल म्हणाला, "जालं फाटलंय. बिनजाल्याची होडी कोन ढकलंल? बायजाकाकी शिवंल, तर ढकलीन."

निवटी गेली टुणुक टुणुक.

"काकी काकी, शिवा ना. बिळात माझं पिल्लू. होडी सरकेना. तांडेल ढकलेना."

काकी म्हणाली, "कशानं शिवू गो? सुताचा गुंडा बोक्यानं पलवलाय. तो देल, तर शिवीन."

निवटी गेली टुणुक टुणुक. बोका गुंड्यावर बसला होता, राजासारखा. निवटी जरा लांबच थांबली.

"बोकोबा बोकोबा, गुंडा द्या ना. बिळात माझं पिल्लू. होडी सरकेना. तांडेल ढकलेना. काकी शिवेना."

बोका म्हणाला, "वर दोरीवर बोंबील वाळतायत. एक पाडून दे, तर देईन."

दोरी होती उंच. तिच्यावर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवलेल्या.

"दोरी दोरी, हल ना. बिळात माझं पिल्लू. होडी सरकेना. तांडेल ढकलेना. काकी शिवेना. बोका देईना."

दोरी म्हणाली, "वारा हलवेल, तर हलेन."

"वारेदादा, या ना. बिळात माझं पिल्लू. होडी सरकेना. तांडेल ढकलेना. काकी शिवेना. बोका देईना. दोरी हलेना."

वारा म्हणाला, "आज मी दमलोय. उद्या बघू."

उद्या? ऊन तापलेलं. निवटीचं अंग सुकू लागलेलं. पिल्लू आत एकटं. निवटीला रडूच आलं. मग तिने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "वारा नाही तर नाही. मीच हलवते."

निवटी बांबूवर चढली. सर सर सर. दोरीवर बसली, आणि मारल्या उड्या. टुणुक टुणुक टुणुक!

दोरी हलली. बोंबलांची जोडी सुटली. टप! टप!

मागितला एक, मिळाले दोन. बोक्याने गुंडा सोडला, गड गड गड. काकीने जाळं शिवलं, सुळ सुळ सुळ. तांडेलाने होडी ढकलली, हैया हो! होडी सरकली, सर्रर्र!

बीळ उघडलं. निवटीने आत पाहिलं. काहीच हलेना.

मग आला एक बुडबुडा. बुडुक! पिल्लाने डोकं वर काढलं.

"आई, भूक लागली."

हुश्श! निवटीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ती पिल्लाभोवती तीनदा फिरली.

तांडेलाने ते पाहिलं. "अगो बाय," तो म्हणाला, "हितं कोन तरी रहातंय." त्याने बिळाशेजारी एक काठी रोवली. खुणेची काठी. तिथे पुन्हा कुणी होडी लावली नाही.

होडी खाडीत, निवटी घरात, गोष्ट तुझ्या कानात.