पाच भोकांचं थालीपीठ

मलेशियातल्या इपोह शहरात दर रविवारी सकाळी खाऊबाजार भरतो. तिथे नूडल्सच्या कढयांशेजारी मूळच्या कराडच्या शरयू पाटणकरांचा तवा असायचा. त्यांचा ठेला कायम ठेवायचा की नाही, हे त्या रविवारी ठरणार होतं. ठरवणार होते बाजार समितीचे अध्यक्ष चॉन्गसाहेब, आणि खाण्यातलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

शरयूताईंनी ओल्या फडक्यावर भाजणीचं थालीपीठ थापलं आणि बोटाने त्याला पाच भोकं पाडली. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"असला भोकं पडलेला माल माझ्या बाजारात चालणार नाही," ते अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मला अखंड करून द्या."

सांगून ऐकणारा हा माणूस नव्हे, हे ताईंनी ओळखलं. "बरं साहेब," म्हणत त्यांनी तेवढ्याच जाडीचं अखंड थालीपीठ तव्यावर टाकलं.

वरून ते छान खरपूस दिसत होतं. साहेबांनी ऐटीत मधलाच घास तोडला, आणि ओलं पीठ त्यांच्या दातांना चिकटलं.

"हे कच्चं आहे," ते चिडून म्हणाले.

"असणारच, साहेब," शरयूताई शांतपणे म्हणाल्या. "पीठ माझं आहे, पण कृती तुमची."

मग त्यांनी भोकाभोकात तेल सोडून भाजलेलं दुसरं थालीपीठ पुढे केलं. "आता आमच्या कराडच्या कृतीचं घ्या."

साहेबांनी ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं आणि परवान्यावर सही केली. मग ते निमूटपणे रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.