पुदिना जागा करणारा जावई

खाडीकाठच्या एका बाजारगावात एक भोळा जावई राहायला आला. भोळा तो जन्मापासून होता, जावई नुकताच झाला होता. त्याचं नाव श्रीरंग.

श्रीरंगच्या घरी भाऊ उदंड आणि खोल्या मोजक्या. लग्न झालं तेव्हा नव्या जोडप्याला घरात जागाच उरली नाही. त्याचे सासरे आबा रेडकर म्हणाले, "आमच्याकडे या. माझं मनगट हल्ली दुखतं. सरबतगृहात हाताखाली माणूस हवाच आहे."

म्हणून श्रीरंग आणि त्याची बायको सुगंधा आबांकडे आली. जागा तिथंही नव्हती. त्यांना मिळाली बरण्यांची खोली. आवळ्याच्या बरण्या, कोकमाच्या बरण्या, करवंदाच्या बरण्या, आणि उरलेल्या जागेत ती दोघं. खोलीला खिडकी नव्हती. करवंदाचा रस फसफसला की बरणीचं झाकण ठप्पकन उडायचं. श्रीरंग झोपेतच म्हणायचा, "या, बसा."

सुगंधा बोलायची कमी आणि बघायची सगळं. तिला एकच गोष्ट हवी होती. खिडकीची खोली.

तशी एक होती. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कालिंदीबाई परुळेकरांची जागा रिकामी पडली होती. खाली दुकान, वर खोली, खोलीला खाडीकडे उघडणारी खिडकी. तिथं दुसरं सरबतगृह काढावं, ते लेक-जावयानं चालवावं आणि वर राहावं, असं आबांच्या मनात होतं. पण बाई कुणालाही जागा देत नसत. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. आधीच्या भाडेकरूला त्यांनी नियम मोडले म्हणून काढलं होतं.

"एक दिवस तुमच्याकडे येऊन बसेन," बाई आबांना म्हणाल्या. "तुमची माणसं नियमानं वागतात का ते बघेन. मग ठरवू."

आबांना काळजी नव्हती. त्यांचं सरबतगृह सबंध गावात नियमांसाठीच प्रसिद्ध होतं. इथं बाटलीतलं काही मिळत नसे. आबा समोर बसलेल्याचा चेहरा बघत, "आज आंबट की गोड?" एवढंच विचारत, आणि त्याच्यादेखत सरबत जमवत. कुणाला कोकमात मिरी, कुणाला आवळ्यात आलं, कुणाला नुसता वाळा. ग्लासच्या काठाला मीठ लावलेलं. दाराला वाळ्याचे ओले पडदे. आणि दाराशी पाटी: उभ्यानं पिऊ नये. मोठ्यानं बोलू नये. घाई करू नये. 'जरा जास्त घाला' म्हणू नये.

पहिल्या दिवशी आबांनी श्रीरंगला पाटी वाचून दाखवली. मग पुदिना शिकवला.

"जावईबापू, असं बघा. पुदिना झोपलेला असतो. तसाच ग्लासात टाकला तर झोपूनच राहतो. हात पुसायचे, पान दोन्ही तळहातांच्या मध्ये धरायचं आणि एक टाळी मारायची. मग हुंगून बघायचं. वास आला म्हणजे जागा झाला."

श्रीरंगनं हात पुसले, टाळी मारली, हुंगलं.

"जागा झाला, मामा."

"शाब्बास," आबा म्हणाले. हा शब्द ते पुन्हा बरेच दिवस वापरणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सामंत मास्तर आले. आवळ्याचं सरबत घेऊन निवांत बसले. तेवढ्यात दारातून त्यांचे सासरे आत आले. मास्तर ग्लास हातात घेऊनच लगबगीनं उभे राहिले. श्रीरंगनं तो ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला.

"अहो, माझं सरबत!"

"उभ्यानं प्यायचं नाही."

"मी पीत कुठे होतो? मी नुसता उभा होतो."

"ग्लास पण उभा होता," श्रीरंग म्हणाला.

मास्तरांचे सासरे मास्तरांकडे बघायला लागले, जणू चूक मास्तरांचीच.

आता, नोकराला ओरडतात, पोराला ओरडतात. जावयाला कुणी ओरडत नाही. जावयाला सुचवतात. आबांनी एकदा लेकीकडे बघितलं, घोटभर पाणी प्यायले आणि आवाज मऊ केला.

"जावईबापू, असं बघा. गिऱ्हाईकाचा ग्लास आपण रिकामा करू नये. उलट रिकामा दिसला तर भरावा."

"बरं, मामा."

श्रीरंगनं ते डोक्यात ठेवलं. तिथं जागा भरपूर होती.

पुढे नाना केणी आले. नातीच्या साखरपुड्याला निघाले होते, वाटेत टेकले. कोकम प्यायले. बर्फानं हिरड्या ठणकायला लागल्या म्हणून त्यांनी कवळी काढली, रिकाम्या ग्लासात ठेवली आणि रस्त्यावरची माणसं बघत बसले.

श्रीरंगला रिकामा ग्लास दिसला. आत दातही दिसले, पण दातांबद्दल मामा काही बोलले नव्हते. त्यानं ग्लास काठोकाठ कोकमानं भरला. काठाला मीठ लावलं. हात पुसले, पुदिन्याला टाळी मारली, हुंगलं, आणि पान बरोबर दातांच्या मध्ये खोवलं.

निघायच्या वेळी नानांनी कवळी चढवली. साखरपुड्याच्या फोटोत सगळ्यांचे दात पांढरे आहेत. नानांचे आमसुली आहेत. मुलाकडच्या मंडळींनी हळूच विचारलं म्हणे, हे मुलीच्या घराण्यातच आहे का?

सुगंधानं हे ऐकलं आणि गल्ल्यामागे खाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं. आबा या वेळी तांब्याभर पाणी प्यायले.

"जावईबापू, असं बघा. भरण्याआधी विचारावं. गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत कशालाच हात लावू नये."

"कशालाच?"

"कशालाच."

"बरं, मामा."

मग बाजारातून गोदामावशी आल्या. पायाशी मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी ठेवली, वाळ्याचं सरबत प्यायल्या, पडद्यांचा गारवा लागला आणि बसल्या जागी घोरायला लागल्या. आबा मागे बर्फ फोडत होते. सुगंधा मीठ आणायला गेली होती. शेजारची शेळी पडद्यातून आत आली आणि तिनं पिशवीत तोंड घातलं.

श्रीरंग धावत आला. शेळीला हात लावणार, तोच त्याला आठवलं. तो मावशींपुढे हात जोडून उभा राहिला.

"मावशी, शेळीला हाकलू का?"

मावशी घोरत होत्या.

"मावशी, हाकलू का?" त्यानं पुन्हा विचारलं. हळूच विचारलं. मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

शेळीनं मेथी संपवली. तळाशी मुळ्याचा पाला होता, तोही संपवला. मग पिशवीचा बंद चघळून बघितला. तो तिला आवडला नाही, म्हणून ती ओरडली. मावशी दचकून जाग्या झाल्या.

"काय रे?"

"हाकलू का?"

"हो, हो! हाकल की मेल्या!"

श्रीरंगनं शेळीसाठी पडदा बाजूला धरला. ती निघालीच होती.

"आबा," मावशी रिकामी पिशवी झटकत म्हणाल्या, "तुमचा जावई शेळीला मान देतो हो. मला नाही दिला."

आबा पाणी प्यायले नाहीत. ते बर्फाचा खडा डोक्यावर धरून बसले.

"जावईबापू, असं बघा. गिऱ्हाईक झोपलेलं असलं तर आधी जागं करावं. मग विचारावं."

"बरं, मामा. एवढंच ना?"

"एवढंच," आबा म्हणाले. त्यांच्या डोक्यावरून पाणी गळत होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की कालिंदीबाई दुपारी येणार.

सुगंधानं नवऱ्याला बरण्यांच्या खोलीत गाठलं. ती सहसा सांगत काही नसे. आज सांगितलं.

"आज बाई येणार आहेत. खिडकीच्या खोलीचं आजच ठरेल. तुम्ही आपल्या मनानं काही करू नका. आबांनी शिकवलंय तेवढंच करा."

"तेवढंच करतो मी," श्रीरंग म्हणाला. त्याला जरा वाईट वाटलं. त्यानं कधी मनानं काही केलंच नव्हतं.

बाई आल्या. दाराशी थांबून त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, शुद्धलेखनाची चूक सापडली नाही म्हणून जराशा हिरमुसल्या आणि आत येऊन बसल्या. आबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आंबट," ते स्वतःशीच म्हणाले. विचारायचं धाडस केलं नाही. आवळा, आलं, किंचित मिरी, काठाला मीठ. श्रीरंगनं पुदिना जागा करून वर ठेवला. एक थेंब सांडला नाही. सुगंधा गल्ल्यामागून बघत होती, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की जमेल.

बाईंनी सरबत घोट घोट घेत संपवलं. ग्लास खाली ठेवला. मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. जिभेवरची चव त्यांना हलवायची नव्हती. सरबत करणाऱ्याला याहून मोठी पावती नसते. आबांचा ऊर भरून आला.

श्रीरंगला मात्र रिकामा ग्लास दिसला.

रिकामा दिसला तर भरावा. भरण्याआधी विचारावं. पण बाईंचे डोळे मिटलेले. झोपलेलं असलं तर आधी जागं करावं. आणि जागं कसं करायचं, हे तर त्याला या घरात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्यानं टॉवेलला हात पुसले.

सुगंधानं ते बघितलं. नवरा हात कधी पुसतो, हे तिला पक्कं माहीत होतं. पुदिन्याआधी. आणि आत्ता टेबलावर पुदिना कुठेच नव्हता. ती उठली, पण गल्ल्याची फळी मध्ये होती.

श्रीरंगनं बाईंचा चेहरा दोन्ही तळहातांच्या मध्ये घेतला आणि एक टाळी मारली.

मग वाकून हुंगलं.

"वास आला, मामा," तो म्हणाला. "पावडरचा. जाग्या झाल्या." आणि अदबीनं बाईंकडे वळला. "बाई, ग्लास भरू का?"

सरबतगृहात कुणी हललं नाही. या बाईंनी गावातल्या निम्म्या गालांवर हात उठवला होता. त्यांच्या गालाला हात लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आबा खाली बसले, ते दिसेनासेच झाले.

"हे," बाई म्हणाल्या, "तू का केलंस?"

श्रीरंग सरळ उभा राहिला आणि सगळं सांगितलं. पुदिन्यापासून शेळीपर्यंत. एकही नियम गाळला नाही, एकातही स्वतःची भर घातली नाही. मध्येच एक शब्द चुकला, तो त्यानं मागे जाऊन दुरुस्त केला.

बाई ऐकत होत्या. दोन्ही गाल लाल झाले होते. आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं, आणि शिकवलेलं सगळं, जसंच्या तसं, लक्षात ठेवणारा पोरगा त्यांना असा आता भेटत होता.

"रेडकर, वर या," त्या म्हणाल्या. "आधीच्या भाडेकरूला मी एवढंच सांगितलं होतं की लवकर बंद करत जा. तेसुद्धा त्याच्या डोक्यात शिरलं नाही. याच्या डोक्यातून काही बाहेर पडत नाही. जागा याला दिली."

सुगंधा परत गल्ल्यामागे बसली.

"आता माझा नियम ऐक," बाई श्रीरंगला म्हणाल्या. "रस्त्यावरचे दिवे लागले की दार बंद. मग आत कुणाला घ्यायचं नाही. गिऱ्हाईक असो, नातेवाईक असो, हसत येवो, रडत येवो. कुणाला म्हणजे कुणाला नाही."

"बरं, बाई," श्रीरंग म्हणाला. "आणि ग्लास?"

"भर," बाई म्हणाल्या. आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी श्रीरंग किल्ली घेऊन पुढे गेला, झाडलोट करायला. सुगंधानं ट्रंक भरली. निघताना आईनं ओटी भरली, मग काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा भरली, मग शेजारणी आल्या, मग आईला रडू आलं. हातगाडीवाल्यानं ट्रंक नव्या दुकानाच्या दाराशी उतरवली आणि तो गेला, तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

दार बंद होतं. सुगंधानं कडी वाजवली. वरची खिडकी उघडली आणि श्रीरंगनं डोकं बाहेर काढलं.

"अहो, दार उघडा."

"दिवे लागले," श्रीरंग म्हणाला.

"मी आहे."

"दिसतंय की."

"अहो, मी बायको आहे तुमची."

"नातेवाईक असो, असं म्हणाल्यात बाई."

सुगंधानं थोडा विचार केला. रडून बघावं असं वाटलं, पण तेही नियमात आलं होतं. हसण्याचंही आलं होतं. मग तिनं काहीच केलं नाही.

"सकाळी ये," श्रीरंग वरून मायेनं म्हणाला. "खोली फार छान आहे." मग त्याला ती दमलेली दिसली. "आंबट की गोड?"

"आंबट," सुगंधा म्हणाली.

वर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग एक टाळी ऐकू आली. थोड्या वेळानं दोरीला बांधलेली डोलची हळूहळू खाली आली. आत ग्लास होता, काठाला मीठ, वर पुदिना. सुगंधानं तो हातात घेतला.

"अगं, बस आधी," वरून आवाज आला. "उभ्यानं प्यायचं नाही."

सुगंधा ट्रंकेवर बसली आणि प्यायला लागली. सरबत उत्तम जमलं होतं. तिनं मान वर करून खिडकीकडे बघितलं. वाटली होती त्यापेक्षा मोठी होती. वाराही चांगला येत असावा. आतल्या माणसाचे केस उडत होते.